जुन्या चर्चच्या मनोऱ्यावर वीजरोधक बसवावा का? बसवला तर कुठला?

सुकेळी
मंडळी, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी धागा हलवावा. आमच्या गावचं चर्च (वसई पट्टा, गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही) पोर्तुगीज काळातलं आहे, दगड-चुन्याच्या जाडजूड भिंती, वर कौलं, पुढे एक मनोरा आणि त्यात घंटा. गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसात मनोऱ्यावर वीज पडली. क्रूसाखालचा गिलावा सोलून निघाला, दोन दगड सुटून अंगणात आले आणि आत ॲम्प्लिफायर, सीसीटीव्ही, पंख्यांचे रेग्युलेटर, सगळ्याची राख. मिस्सा संपून तासभर झाला होता म्हणून वाचलो.

आता कमिटीत तीन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते उद्याच बसवा. दुसरी म्हणते इतकी वर्षं काही झालं नाही, सळई लावली की उलट वीज ओढून घेणार. शेजारचे एक काका तर म्हणतात तुमची वीज माझ्या घरावर उतरेल, मी कोर्टात जाईन. तिसऱ्या पार्टीचं म्हणणं शोभा जाते. त्यात एक विक्रेता येऊन गेला, म्हणाला आमचा एकच यंत्रवाला दांडा लावा, शंभर मीटरच्या वर त्रिज्या सुरक्षित, बाकी काही करायला नको. किंमत ऐकून फादरांनी पाणी मागितलं.

कुणाला अनुभव आहे का? जुनी वास्तू आहे, भिंतीला भोकं पाडायचा जीव होत नाही.

कांदेपोहे
रुमाल टाकून ठेवतो. सवडीने वाचणार.

पायाळू
मी पायाळू आहे. लहानपणी वीज कडाडली की आजी मला घराच्या मधल्या खोलीत बसवायची आणि बाकीच्या पोरांना माझ्यापासून लांब. तुमच्या मनोऱ्यावर मला बसवा, फुकटात काम होईल, फक्त जेवणाचं बघा.

अर्थिंगवाला
@सुकेळी, तीस वर्षं याच कामात गेली, आता रिटायर आहे म्हणून फुकट सल्ला देतो :)

आधी दुसऱ्या पार्टीचं. सळई वीज "ओढत" नाही. ढगातून खाली येणारी वीज काही किलोमीटर वरून टप्प्याटप्प्याने उतरते, कुठे पडायचं ते अगदी शेवटच्या पन्नास-शंभर मीटरमध्ये ठरतं. तेव्हा आसपास जे सगळ्यात उंच त्यावर ती उतरते, आणि तुमच्या गावात ते मनोराच आहे, सळई असो नसो. सळई एवढंच करते की पडलेल्या विजेला जमिनीत जायला सरळ सोपा रस्ता देते. रस्ता नसेल तर ती स्वतः शोधते, दगडातून, वायरिंगमधून, घंटेच्या लोखंडातून. साधारण विजेत तीस हजार अँपिअर असतात, मोठ्या विजेत लाखाच्या वर, आपल्या घरचा एसी दहा अँपिअर घेत नाही. तिच्या वाटेतली हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या चार-पाच पट तापते. दगडात, चुन्यात मुरलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि दगड आतून फुटतो. तुमचे दोन दगड असेच सुटलेत, वीज हातोडा घेऊन येत नाही.

एक काम करा. क्रूसाच्या मागे एखादी सळई आहे का आणि मनोऱ्याच्या मागच्या अंगाने तांब्याची पट्टी खाली येतेय का, एवढं बघून सांगा.

सुकेळी
@अर्थिंगवाला धन्यवाद काका. नाही हो, सळई वगैरे काही नाही. क्रूस लोखंडी आहे तेवढाच.

कोर्टकचेरी
शेजारच्या काकांना सांगा ही केस होऊन गेलीय. फ्रान्समध्ये सेंत-ओमेर गावात व्हिसरी नावाच्या गृहस्थाने १७८० मध्ये घरावर वीजरोधक लावला, शेजारीपाजारी घाबरले, आमच्यावर वीज पडेल म्हणून तक्रार केली आणि नगरपालिकेने काढून टाकायचा हुकूम दिला. अपिलात १७८३ ला अरासच्या कोर्टाने व्हिसरीच्या बाजूने निकाल दिला. त्याची बाजू मांडणारा तरुण वकील कोण? रोबेस्पिएर! हो तोच, पुढे क्रांतीत गिलोटिनवाला. तेव्हा काकांना म्हणावं जपून.

कांदेपोहे
हाहा, म्हणजे सळई वाचली आणि वकिलाचं डोकं गेलं.

लीड्सची_मावशी
माझ्या घरापासून यॉर्क तासाभरावर, पाहुणे आले की मी त्यांना यॉर्क मिन्स्टर, म्हणजे तिथलं मोठं जुनं कॅथेड्रल, दाखवायला नेतेच. ९ जुलै १९८४ च्या पहाटे तिथल्या दक्षिणेकडच्या भागाच्या लाकडी छपराला आग लागली, चौकशीत सगळ्यात शक्य कारण वीजच निघालं. आग मधल्या मनोऱ्याकडे सरकू नये म्हणून अग्निशमनवाल्यांनी पाण्याचा मारा करून जळतं छप्पर मुद्दामच खाली पाडलं. तिथली गोल रोझ विंडो, तिच्या काचांना हजारो तडे गेले पण काचा चौकटीतच राहिल्या, मग चिकटवून परत बसवल्या. १९८८ पर्यंत दुरुस्ती चालली. छताच्या नव्या लाकडी फुलांपैकी सहांची डिझाईन्स तर टीव्हीवरच्या स्पर्धेतून लहान मुलांनी केलेली आहेत, मान वर करून बघावी लागतात, मला दर वेळी मान दुखते.

गंमत म्हणजे त्याच्या तीनच दिवस आधी तिथे एका बिशपचा दीक्षाविधी झाला होता, त्यांची मतं सनातनी लोकांना पटत नव्हती. झालं, देवाचा कोप झाला म्हणून पेपरात पत्रं.

सांगायचा मुद्दा, तुमच्याकडे कौलं म्हणजे खाली लाकडी वासे असणारच. दगड सुटले हे नशीब समजा, वासे पेटले असते तर?

नास्तिकशिरोमणी
मला एवढंच कळत नाही की देवाच्या घराला विजेपासून विमा कशाला लागतो. मालकाचाच माल, मालकाचीच वीज.

म्हापशेकर
@नास्तिकशिरोमणी हा जोक अडीचशे वर्षं जुना आहे बाबा. बोस्टनला १७५५ साली भूकंप झाला तेव्हा एक पाद्रीबुवा म्हणाले होते की शहरात जिकडेतिकडे फ्रँकलिनच्या (वीजरोधक शोधणारा बेंजामिन फ्रँकलिन) सळया लावून वीज जमिनीत घातली म्हणूनच जमीन हादरली. आणि इटलीत सिएनाच्या कॅथेड्रलवर सळई लावली तिला लोक "पाखंडी दांडा" म्हणायचे, मग १७७७ मध्ये तिच्यावर वीज पडली आणि इमारतीला काही झालं नाही, तेव्हा सगळे गप्प. आता तर रोमला सेंट पीटर्सच्या घुमटावर पण वीजरोधक आहे. २०१३ मध्ये पोप बेनेडिक्टनी राजीनामा जाहीर केला त्याच संध्याकाळी घुमटावर वीज पडतानाचा फोटो सगळ्यांनी बघितला असेल. घुमट जागच्या जागी आहे.

बाकी आमच्या इगर्जीतली (म्हणजे चर्चमधली) म्हातारी माणसं अजून गडगडाट झाला की झावळ्यांच्या रविवारची आशीर्वादित झावळी जाळतात आणि विजेपासून वाचवणाऱ्या सांता बार्बराचं नाव घेतात. सळई पण आहे, झावळी पण आहे. काही बिघडत नाही.

विदर्भकन्या
आमच्याकडे आजोबा "अर्जुन फाल्गुन पार्थ किरीटी" म्हणायला लावायचे वीज चमकली की. दहा नावं पूर्ण होईपर्यंत वादळ पुढे गेलेलं असायचं, म्हणजे उपाय शंभर टक्के गुणकारी.

सुकेळी
@म्हापशेकर आमची आजी पण झावळी जाळायची :) आणि चर्चला ती देऊळच म्हणायची, "देवळात जाऊन येते".

घंटानाद
अवांतर आहे पण राहवत नाही. युरोपात शेकडो वर्षं वादळ आलं की चर्चच्या घंटा वाजवायचे, आवाजाने वीज फुटते म्हणून. स्वित्झर्लंडच्या शाफहाउजनला १४८६ ची घंटा आहे, तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, जिवंतांना बोलावते, मेलेल्यांसाठी रडते, विजा मोडते. आता विचार करा, गावातला सगळ्यात उंच मनोरा, त्यात धातूची घंटा, तिला पावसाने भिजलेला दोर आणि दोराला लटकलेला माणूस. म्युनिकला १७८४ मध्ये छापलेल्या एका पुस्तकात हिशोब दिलाय, ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटा वाजवणारे मेले. पुढे बऱ्याच ठिकाणी ही पद्धत कायद्याने बंद करावी लागली.

आणि आपल्याकडच्या घंटा! १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या त्या आज आपल्या देवळांत आहेत. भीमाशंकरला १७२९ ची, तिच्यावर क्रूस दिसतो. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटावर १७०७ ची, नाशिकला नारोशंकराची १७२१ ची. मला कायम प्रश्न पडतो की यातली एखादी घंटा वसईत वीज पळवायला वाजली असेल का.

इतिहासाचा_किडा
@घंटानाद वाजली असेलच. आणि आता नाशकात वाजते तेव्हा गोदेचा पूर मोजतात तिच्यावरून, पाणी घंटेला लागलं की महापूर. बिचारीच्या नशिबात आधी वीज मग पाणी.

कांदेपोहे
जुन्या गोव्याला से कॅथेड्रलचा एक मनोरा नाहीये तो पण विजेनेच पडला ना? गाईडने सांगितलं होतं.

म्हापशेकर
१७७६ ला पडला आणि परत बांधला नाही, त्यामुळे समोरून इमारत एका खांद्याची वाटते. उरलेल्या मनोऱ्यात ती मोठी सोन्याची घंटा म्हणतात ती आहे, सोन्याची नाही पण आवाज तसा आहे. वीज की पाया खचला यावर गाईड लोकांत दोन पार्ट्या आहेत, जाऊदे. मला मजा याची वाटते की त्याच १७७६ मध्ये व्हेनिसला सेंट मार्कच्या मनोऱ्यावर वीजरोधक बसला.

फिरस्ती
व्हेनिसवरून आठवलं, "एकाच जागी दोनदा वीज पडत नाही" म्हणणाऱ्यांना तो मनोरा दाखवा. १३८८ पासून १७६२ पर्यंत नऊ-दहा वेळा तरी पडलीय, १७४५ ला तर चांगलाच फाटला होता. सळई बसली आणि विजेचा त्रास गेला. १९०२ ला आख्खा मनोरा कोसळला तो विटा-भेगांच्या कारणाने, वीज निर्दोष. आत्ता दिसतो तो १९१२ चा.

फ्लॉरेन्सला पण कॅथेड्रलच्या मागे फरसबंदीत एक पांढरी संगमरवरी गोल चकती आहे, लोक तिच्यावरून चालत जातात, कुणाला पत्ता नसतो. घुमटाच्या टोकावरचा सोनेरी तांब्याचा गोळा १६०० साली विजेने तोडून खाली फेकला तो जिथे आपटला ती जागा. घुमट बघा आणि मग ती चकती बघा, अंतर बघून पोटात गोळा येतो (शब्द मुद्दाम).

आयताकृती
पॅरिसचं नोत्र दाम पण विजेनेच जळलं ना २०१९ ला?

लीड्सची_मावशी
नाही हो, त्याचा विजेशी संबंध नाही. पण त्याच्या शिखरावरचा तांब्याचा कोंबडा होता ना, त्याच्या पोटात संतांचे अवशेष ठेवले होते, १९३५ पासून, पॅरिसकरांसाठी "आध्यात्मिक वीजरोधक" म्हणून. शिखर कोसळलं आणि कोंबडा ढिगाऱ्यात सापडला, पोचे पडलेला पण आख्खा.

अर्थिंगवाला
परत मुद्द्यावर येतो नाहीतर धागा पॅरिसलाच राहील. @सुकेळी तुमचा विक्रेता.

तो जे विकतोय ते "आधीच ठिणगी सोडणारं" टोक. दावा असा की साध्या सळईपेक्षा ते लवकर प्रतिसाद देतं म्हणून त्रिज्या मोठी. फ्रान्समध्ये त्याचं वेगळं मानक आहे, पण आपलं आयएस/आयईसी ६२३०५ आहे त्यात या जास्तीच्या त्रिज्येला जागा नाही. माझं स्वतःचं मत, चारशे वर्षांच्या वास्तूवर असले जुगार नकोत.

साधी पद्धत अशी. कल्पना करा ४५ मीटर त्रिज्येचा एक अवाढव्य फुटबॉल तुमच्या चर्चवरून सगळ्या बाजूंनी लोळवला. तो जिथे जिथे इमारतीला टेकेल तिथे वीज पडू शकते, तिथे टोक किंवा तार हवी. (त्रिज्या संरक्षणाच्या वर्गाप्रमाणे २० ते ६० मीटर, वास्तू जितकी नाजूक तितका बॉल लहान घ्या.) तुमच्या चर्चला मनोऱ्यावर एक टोक आणि मागच्या लांब छपराच्या आढ्यावरून एक तार एवढ्यात भागेल असं वाटतं. मनोऱ्याने सगळं छप्पर झाकलं जातं असं समजू नका, ती सगळ्यांची चूक असते.

मग खाली उतरणाऱ्या पट्ट्या, दोन तरी हव्याच, आणि शक्य तितक्या सरळ. विजेला वळणं आवडत नाहीत, झपकन काटकोन दिला की ती पट्टी सोडून भिंतीत उडी मारते. आणि घंटेचं लोखंड, क्रूस, पन्हळी, जवळून जाणारे पाण्याचे पाईप हे सगळं पट्टीला जोडून टाकायचं, नाहीतर बाजूला ठिणगी.

शेवटी अर्थिंग. लोक लाखाचा दांडा लावतात आणि खाली मीठ-कोळशाचा खड्डा दहा वर्षं उघडून बघत नाहीत. उन्हाळ्यात, जमीन सुकलेली असताना मोजा, १० ओहमच्या आत यायला हवं. पावसात मोजलेला आकडा सगळेच चांगला दाखवतात.

जांभा_आणि_चुना
मी वास्तुजतनात आहे, अर्थिंगवाल्या काकांना दोन गोष्टी जोडते. पट्टीचे क्लँप दगडात मारू नका, दोन दगडांच्या सांध्यातल्या चुन्यात मारा, उद्या काढले तरी चुना भरता येतो, दगड भरता येत नाही. ॲल्युमिनियम स्वस्त पडतं म्हणून कुणी आणलं तर ओल्या चुन्याला थेट लावू नका, चुना त्याला खातो. तांबं टिकतं पण सफेदीवर हिरवे ओघळ येतात, मागच्या बाजूने कोपऱ्याच्या सावलीतून आणलं तर शोभावाल्या पार्टीला दिसणार पण नाही.

खड्डा खणायच्या आधी फादरांना विचारा अंगणात कबरी कुठे कुठे आहेत. जुन्या चर्चच्या आवारात खणताना हाडं लागणं नवीन नाही. आणि वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी, कुदळ नंतर.

राजेसाहेब
सळई टोकदार हवी की गोल? आमच्या सोसायटीत यावरून मीटिंग उठली होती.

लीड्सची_मावशी
तुमच्या सोसायटीच्या आधी इंग्लंडच्या राजाची मीटिंग उठलीय. १७६४ मध्ये लंडनच्या सेंट ब्राइड्स चर्चच्या शिखरावर वीज पडून वरचा भाग गेला, मग सेंट पॉल्सला काय लावायचं यावर रॉयल सोसायटीची कमिटी बसली, फ्रँकलिनपण तिच्यात होता. तो म्हणे टोकदार. विरोधक म्हणे टोक वीज बोलावतं, गोल लावा. नंतर अमेरिकेशी युद्ध लागल्यावर तिसऱ्या जॉर्जला टोकदार सळई म्हणजे बंडखोरांची सळई वाटायला लागली आणि राजवाड्यावर गोल लावल्या. सेंट पॉल्सवाल्यांना धास्ती असणं साहजिकच होतं म्हणा, त्याच जागच्या जुन्या सेंट पॉल्सचं शिखर १५६१ ला विजेनेच जळलं होतं, ते परत कधी बांधलंच नाही.

अर्थिंगवाला
गंमत म्हणजे अलीकडे न्यू मेक्सिकोत डोंगरमाथ्यावर शेजारी शेजारी सळया लावून बरीच वर्षं बघितलं तर किंचित बोथट टोकांवर वीज पडली, सुईसारख्यांवर नाही. म्हणजे राजा चुकीच्या कारणाने थोडासा बरोबर. पण फरक एवढा नाही की मीटिंग उठावी. उठायची असेल तर अर्थिंगवरून उठवा.

विदर्भकन्या
माणसांचं पण बघा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, आसपास वीज पडत असेल तर सांगतं. आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसं विजेने जातात, बहुतेक शेतातली, झाडाखालची. चर्चमध्ये असाल तर आत बसा, पण मनोऱ्यात नको आणि पट्टी उतरते त्या भिंतीला टेकून नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

नास्तिकशिरोमणी
बरं माघार. विमा घ्या.

सुकेळी
मंडळी, अपडेट. तीन आठवड्यांनी येतोय, माफी.

अर्थिंगवाल्या काकांच्या प्रश्नाला मी "काही नाही" म्हणालो होतो. चुकलो. रविवारी पोरं परात बांधून वर गेली (परात नव्हे परांची, म्हणजे बांबूचा माळा हो), तर क्रूसाच्या मागे, क्रूसालाच वेल्डिंग केल्यासारखी सळई आहे! आम्ही सगळे तिला क्रूसाचाच भाग समजत होतो. आणि तिच्यापासून तांब्याची पट्टी मागच्या कोपऱ्याने खाली येते, सफेदीचे इतके थर की भिंतीची उंचवटी वाटते. खाली बोगनवेलीच्या मागे येते आणि जमिनीपासून पुरुषभर उंचीवर संपते. कापलेली. आणि भिंतीच्या बरोब्बर पलीकडे काय आहे तर चर्चचा मीटर बोर्ड.

अर्थिंगवाला
अरे देवा.

म्हणजे वीज सळईवर नीट उतरली, पट्टीतून नीट खाली आली, आणि शेवटी रस्ता संपला तिथून भिंत फोडून तुमच्या मीटर बोर्डात शिरली. ॲम्प्लिफायर त्यानेच गेला. वर दगड सुटले तिथे पण एखादा जोड सुटलेला असणार, बघा. अर्धवट वीजरोधक नसलेल्यापेक्षा वाईट. कापली कुणी पण?

जांभा_आणि_चुना
चोरी असेल. इंग्लंडमध्ये पण चर्चच्या तांब्याच्या पट्ट्या आणि छपरांचं शिसं भंगारवाले काढून नेतात.

सुकेळी
चोरी नाही. घंटा वाजवणाऱ्या काकांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "ती होय, मागे अंगणात ब्लॉक बसवले तेव्हा कामगारांच्या वाटेत येत होती म्हणून कापली. टाकली नाही, मी जपून ठेवलीय." कुठे? नाताळच्या गोठ्याच्या सामानात. गेली कित्येक वर्षं आमचा मोठा तारा त्याच पट्टीवर टांगतोय आम्ही.

नवीन पट्टी, दोन खड्डे आणि मीटर बोर्डाला सर्ज प्रोटेक्शन, सगळं मिळून विक्रेत्याच्या दांड्याच्या निम्म्याहून कमी खर्चात बसतंय. शेजारचे काका स्वतः खड्ड्याची जागा दाखवायला आले, कबरी कुठे आहेत ते त्यांनाच माहीत निघालं.

कांदेपोहे
तारा कशावर टांगणार मग आता?

पायाळू
मला टांगा. जेवणाचं तेवढं बघा.